बाहेरचं पाकीट साधं हवं

हळदीकुंकवाला गेलं की बायका आधी मला वाण देतात आणि मग फोन पुढे करतात. गणपतीत आरती संपून प्रसाद हातावर पडायच्या आत कोणीतरी कोपऱ्यात ओढतं आणि विचारतं, "मोहितेबाई, व्हीपीएन कोणता घेऊ हो?" जन्मभर दिल्लीतल्या एका सरकारी कार्यालयात नेटवर्कचं काम केलं, त्याची ही शिक्षा. डॉक्टर दिसला की माणसाची पाठ दुखायला लागते, तशी मी दिसले की इथल्या मराठी माणसाला आपली प्रायव्हसी आठवते.

मी उलट एकच विचारते. "लपवायचंय कोणापासून?"

या प्रश्नाचा बहुतेकांना राग येतो. "लपवायचं कुठे काय, पण आपलं असावं," असं म्हणतात. असावं की, माझं काय जातंय. पण नेटची वायर घालून देणाऱ्यापासून लपायचं, की ऑफिसपासून, की घरातल्याच माणसापासून, हे कळल्याशिवाय मी काय कप्पाळ सांगणार? आधी दार कोणतं ते सांगा, मग कुलूप बघू.

ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तुम्ही नेटवर जे काही बघता ते नेट देणाऱ्या कंपनीच्या हातून जातं. आतला मजकूर सहसा तिला दिसत नाही, पण तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे कळतं. व्हीपीएन म्हणजे मधे ठेवलेला एक माणूस. तुमचं सगळं टपाल बंद पाकिटात आधी त्याच्याकडे जातं, तो ते उघडून आतल्या पत्त्यावर पाठवतो. वायरवाल्याला फक्त एवढंच दिसतं, की हे सारखं त्या एका माणसाकडे पाकिटं पाठवतात. आणि ज्याला टपाल मिळतं त्याला पत्ता दिसतो त्या मधल्या माणसाचा, तुमचा नाही.

हे मला पुस्तकातून कळलं त्याच्या कितीतरी आधी साळवेंकडून कळलं होतं. शमुवेल साळवे, नगरचे, आमच्याच मजल्यावर गोपनीय शाखेत होते. गोपनीय कागद बाहेर पाठवायचा तर दोन पाकिटं लागत. आतल्यावर लाख आणि 'गोपनीय'चा शिक्का, बाहेरच्यावर नुसता पत्ता. नवा कारकून आला की हटकून बाहेरच्या पाकिटावरही लालभडक शिक्का मारायचा, आपण फार काळजी घेतली अशा थाटात. साळवे आवाज न चढवता ते पाकीट परत त्याच्या टेबलावर ठेवायचे. "बाहेरचं पाकीट साधं दिसलं पाहिजे. नाहीतर आपणच चोराला हाक मारतो," एवढंच म्हणायचे.

तर व्हीपीएनची ग्यानबाची मेख ही, की वायरवाल्यावरचा विश्वास काढून तुम्ही तो मधल्या माणसावर टाकता. विश्वास टाकावा तर लागतोच. म्हणून मी विचारते, कंपनी कोणाची, कुठल्या देशातली, पोट कशावर भरते, गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवत नाही म्हणते ते बाहेरच्या कोणी तपासलंय का, आणि लाइन तुटली तर नेट आपोआप बंद पडतं की उघड्यावर चालू राहतं. आपल्याकडे सरकारने नोंदी ठेवायचा नियम केला, तेव्हा काही कंपन्यांनी आपली यंत्रं इथून उचलून दुसऱ्या देशात नेली. हे सगळं ऐकून झालं की समोरचा विचारतो, "पण फुकट कुठला मिळेल?" अहो, फुकटात दुसऱ्याचं टपाल कोण वाहील? तो वाहताना वाचणारच.

गाझियाबादच्या आमच्या वैशाली वसाहतीतल्या पाटणकरकाकांनी असाच एक फुकटचा घेतला. का, तर पेपरात वाचलं. त्यांच्या बँकेच्या ॲपने बघितलं, हा मनुष्य सकाळी गाझियाबादच्या भाजीवाल्याला पैसे देतो आणि चहाच्या वेळी हॉलंडमध्ये असतो. बँकेने खातं गोठवलं. काका आधारकार्ड घेऊन शाखेत उभे राहिले, तर समोरची मुलगी स्क्रीनकडे बघून म्हणाली, "सर, सिस्टम में तो आप बाहर हैं." काका म्हणाले, "मी गेल्या दिवाळीपासून गाझियाबादच्या बाहेर पडलेलो नाही." पुढचे कित्येक दिवस आमच्या मराठी मंडळात त्यांना सगळे 'हॉलंडकर' म्हणत होते.

दुसरे एक गृहस्थ आमच्या नाटकवेड्यांपैकी. नाव सांगत नाही, लाजतील. ते टोरंटवरून सिनेमे उतरवतात. त्यात फाइलचे तुकडे असतात आणि घेणारे सगळे एकमेकांकडून तुकडे उचलतात, त्यामुळे प्रत्येकाला प्रत्येकाचा पत्ता दिसतो. त्यांना म्हटलं, व्हीपीएनने पत्ता झाकेल, चोरी झाकणार नाही. ते म्हणाले, "पण मी आपल्या मंडळाच्या जुन्या नाटकांची रेकॉर्डिंगही तसंच वाटतो." ती तुमचीच आहेत, खुशाल चौकात उभं राहून वाटा, त्याला पडदा कशाला? त्यांनी सिनेमे सोडले असतील असं मला वाटत नाही, पण हल्ली ते मला टाळतात.

अशी ही माझी गिऱ्हाइकं. म्हणून रूथने जेव्हा तोच प्रश्न विचारला तेव्हा मी तिचीही टिंगलच केली.

रूथ ही साळवेंची मुलगी. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात नव्या कामगारांना ट्रेनिंग द्यायचं काम करायची. आठवडाभर गुडगावला पीजीत, तिथून कंपनीच्या बसने मानेसर, शनिवारी गाझियाबादला पपांकडे. आता ती तिथे नाही, दुसरीकडे आपल्या मर्जीने गेली आहे. तिची आणि तिच्या पपांची परवानगी घेऊन, नावं बदलून हे लिहिते आहे, आणखीही काही बदललंय, काय ते विचारू नका.

एका रविवारी तिने मला कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनाच्या कँटीनमध्ये बोलावलं. साबुदाणा वडा समोर आला तरी तिने हात लावला नाही, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"मावशी, फाइल्स शेअर करायच्यात. बिल्कुल प्रायव्हेट. कोणता व्हीपीएन घेऊ?"

"कसल्या फाइल्स? सिनेमे उतरवतेस का तूपण?" मी म्हटलं.

"नाही ना यार मावशी, ऐका तर." आणि मग तिने हळू आवाजात सांगितलं.

त्यांच्याकडे पत्रा दाबायची मोठी प्रेस यंत्रं होती. यंत्राच्या तोंडाशी प्रकाशाचा एक पडदा असतो, तिथे सगळे त्याला लाइटच म्हणतात. हात आत गेला की प्रकाश तुटतो आणि प्रेस जागच्या जागी थांबते. पण सारखी थांबली की माल कमी निघतो. म्हणून वरच्यांच्या सांगण्यावरून काही यंत्रांचा तो पडदा बंद करून ठेवला होता. रूथ ट्रेनिंगच्या खोलीत नव्या मुलींना शिकवायची, की लाइट चालू असल्याशिवाय हात घालायचा नाही. आणि त्याच मुली अर्ध्या तासाने लाइट नसलेल्या यंत्रावर उभ्या राहायच्या. त्यातल्या ममताची दोन बोटं गेली. कंपनीने सांगितलं, तिने स्वतःच लक्ष दिलं नाही.

"तिला मीच शिकवलं होतं, मावशी," रूथ म्हणाली. "ती मला म्हणाली, दीदी, लाइट तो थी ही नहीं."

रूथने फोनवर फोटो आणि एक व्हिडिओ घेतला होता. कारखाने तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाला ते पाठवायचे होते, पण तिचं नाव कळता कामा नये. नोकरी जाईल ही भीती होतीच, मानेसरमध्ये मग दुसरा कोणी दारात उभं करत नाही. पण तिचं म्हणणं वेगळं होतं. "मला काढलं तर आतून बघणारं कोणीच राहणार नाही. तपासणी झाली की ते लाइट परत बंद करून ठेवतील, आणि बाहेर कोणाला कळणारसुद्धा नाही."

मला माझ्या टिंगलीची लाज वाटली. मी वडा तिच्यापुढे सरकवला आणि विचारलं, आतापर्यंत काय काय केलंस?

तिने अभिमानाने सांगितलं. फुकटचा एक व्हीपीएन टाकला होता. कारखान्यात बसूनच, कंपनीच्या वायफायवर तो चालू करून, फोटो-व्हिडिओ नेटवरच्या एका फोल्डरमध्ये चढवले होते. फक्त लिंक पाठवायची राहिली होती.

मी डोक्याला हात लावला. "अगं, कंपनीच्या वायफायवर व्हीपीएन लावलास म्हणजे बाहेरच्या पाकिटावर लाल शिक्का मारलास. आत काय आहे ते तिथल्या कंप्युटरवाल्याला दिसणार नाही, पण सगळ्या कारखान्यात एकच फोन काहीतरी लपवतोय हे त्याला दिसेल." सुदैवाने तो कंप्युटरवाला आळशी होता की काय, कोणी काही विचारलं नव्हतं. मग मी तिला ती लिंक माझ्या फोनवर पाठवायला सांगितली. आपल्याला काय दिसतं यापेक्षा समोरच्याला काय दिसतं ते आधी बघायचं, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम.

लिंक उघडली. वरच साळवेंचा फोटो आला. निवृत्तीच्या दिवशीचा, गळ्यात झेंडूचा हार. शेजारी नाव, 'एस. बी. साळवे, अवर सचिव (निवृत्त)'. आणि खाली ओळीने प्रेसचे फोटो.

रूथ बघतच राहिली. झालं होतं असं, की साळवेंच्या घरात पहिला कंप्युटर आला तेव्हा पपांच्या नावाने एक खातं उघडलं, आणि पुढे घरातला प्रत्येक फोन त्याच खात्याला जोडला गेला. फोटो ठेवायची नेटवरची जागा पपांनी विकत घेतलेली, मग दुसरं खातं कशाला? आपल्या दिल्लीतल्या सरकारी नोकरांच्या घरांत हे सर्रास असतं. गॅसचं कार्ड वडिलांच्या नावाने, क्वार्टर वडिलांच्या नावाने, तसं हेही. व्हीपीएनने तिचा पत्ता हॉलंडात नेऊन ठेवला आणि फोल्डरवर पपा हार घालून बसले. मला हसू आलं आणि लगेच गेलं, कारण तिचे डोळे भरले होते.

"म्हणजे पपांनी पण बघितलं असेल?" ती म्हणाली.

आम्ही तशाच मेट्रोने वैशालीला आलो आणि साळवेंकडे गेलो. त्यांनी दार उघडलं, दोघींकडे बघितलं आणि काही न विचारता चहाचं आधण ठेवलं. रूथ सांगायला लागली तर म्हणाले, "मला माहीत आहे."

त्यांचा फोन अधूनमधून घरातले फोटो एकत्र करून 'आठवणी' म्हणून दाखवतो, मागे गोड संगीत लावून. तसंच एकदा नातेवाइकांकडच्या बाप्तिस्म्याच्या फोटोंनंतर प्रेसचे फोटो आले, आणि मग तो व्हिडिओ.

"मग बोलला का नाहीत, पपा?" रूथने विचारलं.

"मला पाठवलेलं नव्हतं ते," साळवे म्हणाले. "ज्याच्या नावाचं पाकीट नाही, त्याने उघडलं तरी बोलू नये. तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

मला त्यांचा राग आला. असल्या गोष्टीत कसली आलीय शिस्त, पोरगी एकटी कुढत होती, असं मी तोंडावर म्हटलंसुद्धा. त्यांनी खिशातून फोन काढला. मग म्हणाले, "मोहितेबाई, तुम्ही तो व्हिडिओ आवाजासकट ऐकलात का?"

मी ऐकला नव्हता. कँटीनमध्ये आवाज बंदच ठेवला होता. त्यांनी लावला. यंत्राची धडधड, प्रेस खाली येते, काम करणाऱ्या दुसऱ्याच एका मुलीचा हात निसटता बाहेर निघतो. आणि त्याच क्षणी, फोनच्या अगदी जवळून, बाईचा आवाज: "आई गं!"

ही रूथ दिल्लीत जन्मली, दिल्लीत वाढली. घरातसुद्धा अर्धं हिंदी बोलते, 'उंबरा' म्हणजे काय ते तिला मला समजावून सांगावं लागलं होतं. पण भीती वाटली तेव्हा तोंडातून मराठी आलं. आणि त्या कारखान्यात मराठी बोलणारी ती एकटीच होती. कुठलाही व्हीपीएन लावा, पैसे भरून घ्या, जगातला उत्तम घ्या, तो तुमचा पत्ता झाकतो. तुमचं 'आई गं' तो झाकू शकत नाही.

"हिची आई गेल्यापासून हा शब्द या घरात मी ऐकला नव्हता," साळवे म्हणाले आणि चहा गाळायला उठले.

चहा झाल्यावर त्यांनी आपला निर्णय सांगितला. तक्रार ते स्वतःच्या नावाने करणार. निवृत्त माणूस, पेन्शन आहे, कोण काय करणार. रूथ नाही नाही म्हणत होती आणि मी आडनावाकडे बोट दाखवलं. तक्रारदार साळवे, ट्रेनिंगमधली मुलगी साळवे. शाळेतलं पोरही जोडेल.

मग रूथ माझ्याकडे बघायला लागली. मागायचं तिच्या जिवावर आलं होतं, म्हणून मीच म्हटलं, "अगं, विचार की. कोणता व्हीपीएन घेऊ असं सकाळपासून विचारतेयस."

"तुम्ही व्हाल, मावशी?"

मी तो मधला माणूस व्हायचं ठरवलं. धाडस वगैरे काही नाही. मला ना नोकरी, ना मानेसरशी संबंध, आणि माझ्या तोंडाला लागायला लोक तसेही घाबरतात. घरी येऊन मी कामाला बसले. फोटो घेतला की त्याच्यात जागा, वेळ, फोनचा प्रकार असं सगळं लपून बसतं, ते काढून टाकलं. व्हिडिओचा आवाज काढला. एका फोटोत यंत्राच्या चकचकीत पत्र्यावर तिच्या ओढणीचा रंग उमटला होता, तो फोटो वगळला. मग सगळं एका कोऱ्या पेन ड्राइव्हवर घेतलं. नेटवरून पाठवायचंच नाही असं ठरवलं. हो, मी, नेटवर्कच्या बाईने.

पाकिटं साळवेंनी केली. आतलं, बाहेरचं. लाख कुठून पैदा केली देव जाणे. पत्ता मी लिहिला, पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव, माझा फ्लॅट. आणि मग सगळ्यात वाईट काम राहिलं, ते म्हणजे मूळ व्हिडिओ पुसणं. रूथच्या फोनमधला, फोल्डरमधला, साळवेंच्या फोनमधला. साळवेंनी पुसायच्या आधी फोन कानाला लावून एकदा ऐकलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, तुम्हीच करा.

तपासणी झाली. सरकारी तपासनीस न कळवता आले, लाइट बंद असलेली यंत्रं सापडली. तक्रारही व्हिडिओसकट फिरत फिरत कंपनीपर्यंत पोचली, तशी ती पोचतेच. एका दुपारी माझ्या दारात इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण अधिकारी मिठाईचा डबा घेऊन उभा. मी त्याला बसवलं, पाणी दिलं.

"आंटीजी, हमें किसी को कुछ करना नहीं है," तो म्हणाला. "बस इतना बता दीजिए, ये आपको दिया किसने."

"बेटा, मैं रिकॉर्ड नहीं रखती," मी म्हटलं.

"व्हिडिओ में आवाज क्यों नहीं है?"

"तुम्हारी मशीन बहुत शोर करती है. मेरे कान दुखते हैं."

तो हसला. वाईट मुलगा नव्हता, त्यालाही वरून कोणी पाठवलेलं. डबा मी परत त्याच्या हातात दिला. तो गेल्यावर मात्र मी दाराला दोन्ही कड्या लावल्या, खोटं कशाला सांगू.

त्या शनिवारी रूथ घरी आली तेव्हा मीही साळवेंकडे होते. तिने सांगितलं, सगळ्या प्रेसवर लाइट लागले होते. एका नव्या मुलीने मुद्दाम हात घालून बघितला, यंत्र थांबलं, सगळ्या जणी टाळ्या वाजवायला लागल्या. ममताची बोटं काही परत आली नाहीत. तिला कंपनीने दुसरं काम दिलं, पण ते आधी का नाही दिलं, लाइट आधी का नाही लावले?

रूथला मी चांगल्यातला एक विकतचा व्हीपीएन निवडून दिला आणि तिच्या स्वतःच्या नावाचं खातं उघडून दिलं. ते चाललं असताना ती म्हणाली, "मावशी, एक सांगायचं राहिलं."

लाइट लावायच्या आदल्या दिवशी कंपनीने सगळ्या स्टाफला ट्रेनिंगच्या खोलीत बसवलं होतं. तो व्हिडिओ भिंतीवर लावला, मोठा करून. दोन साहेब पडद्याकडे न बघता समोरच्या चेहऱ्यांकडे बघत उभे होते. एकदा लावला, पुन्हा लावला. आवाज नसलेली प्रेस खाली येत होती आणि हात निसटत होता.

"मला माहीत होतं ते कुठे येणार," रूथ म्हणाली. "आवाज नव्हता, पण मला ऐकू येत होतं. ती जागा आली ना, तर माझे ओठ हलायला लागले. मी बाटली उचलली आणि पाणी प्यायले. दोन्ही वेळा."

साळवेंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. ती हळूच म्हणाली, "आई गं." या वेळी घरातच होती, कोणी ऐकलं तरी चालणार होतं.